काटा, पासंग आणि परतणाऱ्या लाटा

(सावंगी (मेघे) येथील माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



आपल्या व्हॉट्सअॅप गटावर मला तीन वेळा विचारून झालं, "तू पुण्यात नेमकं करतेस तरी काय?" पहिल्यांदा मी "सॉफ्टवेअर" असं एका शब्दात उत्तर दिलं, तर लगेच एकाने आपला बंद पडलेला लॅपटॉप माझ्याकडे पाठवायची तयारी दाखवली. दुसऱ्यांदा मी खरं नाव लिहिलं, त्यावर नुसते अंगठे आले. म्हणून संयोजकांनी वीस मिनिटं देऊ केली तेव्हा ठरवलं, की शाळेच्या आठवणी बाकीचे माझ्यापेक्षा रंगवून सांगतील, आपण आपलं काम सांगावं. गणिताच्या बाई आणि विज्ञानाचे सर पहिल्याच रांगेत बसले आहेत. मध्येच उभं करून प्रश्न विचारू नका, एवढी विनंती.

मी ज्या यंत्रासाठी प्रोग्रॅम लिहिते त्याला व्हेक्टर नेटवर्क अॅनालायझर म्हणतात. नाव लांब आहे, काम मात्र एका वाक्यात सांगता येतं. हे यंत्र एखाद्या वस्तूत रेडिओलहर पाठवतं आणि दोन गोष्टी मोजतं: किती लहर परत आली, आणि किती पलीकडे गेली. वस्तू म्हणजे मोबाइलचा अँटेना असेल, केबल असेल, टॉवरवरचा फिल्टर असेल. या मोजमापांना एस-पॅरामीटर म्हणतात. यातला एस 'स्कॅटरिंग'चा, म्हणजे विखुरण्याचा. एस-एक-एक म्हणजे पहिल्या दारातून आत गेलेली आणि त्याच दारातून परत आलेली लहर. एस-दोन-एक म्हणजे पहिल्या दारातून शिरून दुसऱ्यातून निघालेली. आकडे उलटे वाचायचे, निघायचं दार आधी आणि शिरायचं नंतर. का, ते विचारू नका. वर्गात मॅट्रिक्स शिकवतील तेव्हा कळेल, असं आम्हालाही सांगितलं होतं.

साधं व्होल्टमीटर लावून हे का मोजत नाहीत? कारण इथे लाटा फार आखूड असतात. आपल्या घरातल्या वाय-फायची २.४ गिगाहर्ट्झची लाट हवेत साडेबारा सेंटिमीटरची. वीतभर केबल जोडली की तेवढ्यात ती लाट चढून उतरलेलीसुद्धा असते. मग 'या तारेवर किती व्होल्ट' या प्रश्नाचं उत्तर तारेच्या प्रत्येक बोटावर वेगळं येतं. त्यापेक्षा किती गेलं आणि किती परतलं, हे विचारणं सोयीचं.

सरांनी एकदा व्हरांड्याच्या खांबाला दोरी बांधून आम्हाला झटका द्यायला लावला होता, आठवतं? खांबाला घट्ट बांधलेल्या टोकावरून लाट उलटी होऊन परत येते. टोक मोकळं असेल तर ती सुलटीच परत येते. आणि दुसऱ्या टोकाला कुणी ती लाट पूर्ण पचवून टाकली तर काहीच परत येत नाही. आमच्या धंद्यात या तिघांना शॉर्ट, ओपन आणि लोड म्हणतात. ही तीन नावं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आता मुख्य अडचण. यंत्र वस्तूला थेट हात लावू शकत नाही. मध्ये त्याची केबल असते, कनेक्टर असतात, आतले जोड असतात. या सगळ्यांवरूनही लाटा परततात. यंत्राच्या पडद्यावर दिसतं ते वस्तूचं आणि यंत्राचं मिळून झालेलं कडबोळं. वस्तू चांगली असेल तर तिच्यावरून परतणारी लाट फार लहान असते, आणि तेव्हा यंत्राची स्वतःची चूकच तिच्यापेक्षा मोठी भरते.

हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. आपण कापसाच्या मुलखातली माणसं. भरलेली गाडी काट्यावर घ्यायची, कापूस उतरवायचा, मग रिकामी गाडी परत काट्यावर. वजाबाकी केली की कापूस. माझे बाबा त्याच्याही आधी काटा शून्यावर आहे का ते खाली वाकून बघायचे आणि मगच बैलांना पुढे घ्यायचे. दुकानदाराच्या तराजूचं एक पारडं हलकं असेल तर त्याला खडा बांधतात, त्याला पासंग म्हणतात. 'पासंगालाही पुरणार नाही' असं आपण माणसांबद्दल बोलतो तो हाच. तराजू समतोल करण्याला जुनी माणसं 'धडा करणे' म्हणत. शाळेतल्या धड्याशी त्याचा संबंध नाही, पण मला तो शब्द आवडतो.

फक्त आमच्या काट्याची खोड वजाबाकीने जात नाही. त्याच्या चुका तीन जातींच्या आहेत. एक म्हणजे पासंगासारखी: वस्तू लावली नाही तरी थोडी लाट आतल्या आतच मोजणीत गळते. तिला डायरेक्टिव्हिटी म्हणतात. ती वजा करता येते. दुसरी, किलोला नऊशे ऐंशी ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यासारखी. तिथे भागाकार लागतो. तिसरी खट्याळ आहे. वस्तूवरून परतलेली लाट यंत्राच्या तोंडावर आपटते, पुन्हा वस्तूकडे जाते, पुन्हा परतते. विहिरीत हाक मारल्यावर आवाज घुमत राहतो तसं. ही चूक किती होईल हे वस्तूवरच ठरतं, त्यामुळे ती आधी मोजून कायमची वजा करून ठेवता येत नाही. जितकी जास्त लहर परतवणारी वस्तू, तितका हा घुमारा मोठा.

इथे बाईंचं गणित कामाला येतं. अज्ञात तीन आहेत, तर समीकरणंही तीन हवीत. म्हणून वस्तू लावण्याआधी त्याच टोकाला आपण ज्यांचं खरं उत्तर आधीच जाणतो अशा तीन गोष्टी लावायच्या: शॉर्ट, ओपन आणि लोड. प्रत्येकीचं खरं उत्तर आणि यंत्राने दाखवलेलं उत्तर समोरासमोर मांडलं की एक समीकरण मिळतं. थोडी मांडणी बदलली की ही तिन्ही समीकरणं रेषीय होतात, दहावीत सोडवायचो तशी एकसामयिक, फक्त दोनाऐवजी तीन चलांची. संख्या संमिश्र असतात, कारण लाटेला आकाराबरोबर कलाही असते, पण रीत तीच. ही तीन उत्तरं एकदा मिळाली की पुढे कुठलीही अनोळखी वस्तू लावा, तिचा खरा आकडा उलट गणिताने काढता येतो. दोन दारांची वस्तू असेल तर दोन्ही टोकं एकमेकांना थेट जोडून चौथं मोजमाप घेतात, आणि दोन्ही दिशा धरून चुकांच्या संज्ञा बारा होतात. आणि हे गणित एकदाच करून भागत नाही. पडद्यावरच्या प्रत्येक फ्रिक्वेन्सीला ते वेगळं, म्हणजे एका रेघेसाठी शेकडो वेळा.

माझी भाकरी आहे ती इथे. १९८४ साली ह्यूलेट-पॅकार्डने ८५१० नावाचा अॅनालायझर आणला, त्यात ही दुरुस्ती यंत्र स्वतःच, मोजता मोजता करू लागलं. त्याआधी शेजारी वेगळा संगणक जोडून ती करावी लागे. म्हणजे या यंत्राची अचूकता पितळ-सोन्याच्या जोडांइतकीच प्रोग्रॅममध्येही असते.

आता सर म्हणतील, त्या तीन वस्तू तरी बरोबर आहेत हे कशावरून? योग्य शंका. ओपन म्हणजे नुसतं मोकळं टोक, तरी त्याच्या काठाशी विद्युतक्षेत्र थोडं बाहेर सांडतंच. म्हणून प्रत्येक संचाबरोबर त्या सांडण्याचे आकडे येतात आणि प्रोग्रॅमला ते भरवावे लागतात. चुकीच्या संचाचे आकडे भरले तरी यंत्र तक्रार करत नाही, सुबक आलेख काढून देतं. या संचाची तपासणी त्याहून चांगल्या संचाशी, त्याची आणखी वरच्या प्रयोगशाळेत, असं करत आपल्या देशात ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे जाते. आणि साखळीच्या तळाशी काय असतं, माहीत आहे? लांबी. हवेने भरलेल्या धातूच्या नळीत मधोमध एक दांडी. नळीचा आतला व्यास ७ मिलिमीटर आणि दांडीचा ३.०४ असला, की ती रेष ५० ओहमची होते. रेडिओलहरींच्या मोजमापाचा पाया शेवटी मापपट्टीच्या नातेवाइकावर उभा आहे, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला दोन दिवस बरं वाटत होतं.

याचा उपयोग कुठे? इथून जवळच आपलं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. अशा रुग्णालयात एमआरआय काढताना गुडघ्याभोवती किंवा डोक्याभोवती जे कवच बसवतात, तो एक अँटेनाच असतो. दीड टेस्लाच्या यंत्रात तो सुमारे ६४ मेगाहर्ट्झला जुळवलेला असावा लागतो, आणि ती जुळणी करताना बनवणारे एस-एक-एक बघत असतात. दुसरं ठिकाण नारायणगावजवळचं खोडद. तिथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून १९९० च्या दशकात उभी राहिलेली जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. चौदा मध्यभागी दाटीने आणि बाकीच्या वाय अक्षरासारख्या तीन हातांवर, पंचवीसेक किलोमीटर पसरलेल्या. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, तिथे प्रदर्शन भरतं. मी माझ्या मुलीला घेऊन गेले होते. तबकडी म्हणजे पत्रा नाही, बारीक तारांची ताणलेली जाळी आहे. वारा तिच्यातून निघून जातो, लाट मात्र परततेच, कारण तिच्या मानाने जाळीची भोकं लहान.

तबकडीने गोळा केलेली लहर तिच्या केंद्राशी बसवलेल्या फीडमध्ये जाते. आकाशातून येणारा हा संकेत इतका क्षीण, की फीडने त्यातला दहावा हिस्सा जरी परतवून लावला तरी ते भरल्या गाडीतून रस्ताभर कापूस सांडत नेण्यासारखं आहे. असे फीड प्रयोगशाळेत आमच्याच जातीच्या यंत्रावर तपासले जातात. पण मला जास्त भावलं ते पुढचं. एखादी आकाशगंगा बघण्याआधी आणि बघून झाल्यावर ते दुर्बीण ठरावीक ओळखीच्या स्रोतांकडे वळवतात, ३सी ४८, ३सी १४७ किंवा ३सी २८६ अशांकडे, ज्यांची तेजस्विता आधीच माहीत आहे. मधूनमधून शेजारच्या एखाद्या ओळखीच्या बिंदूकडेही. यंत्राचा आणि वातावरणाचा दोष त्यावरून काढतात आणि मग अनोळखी आकाशातून तो वजा-भागाकार करतात. आमच्या शॉर्ट-ओपन-लोडच्या टोप्या टेबलावर मावतात, त्यांच्या अब्जावधी प्रकाशवर्षांवर टांगलेल्या आहेत. मुलीला मी हे उत्साहाने सांगितलं, तर ती म्हणाली, "आई, आता भजी खाऊ या का?"

आता मला जे खरं सांगायचं आहे ते. पिंपरी-चिंचवडकडच्या एका लहान वर्कशॉपचा माल परत आला होता. आठ-दहा माणसांचं वर्कशॉप, दोन्ही टोकांना कनेक्टर बसवलेल्या केबल बनवतात. मोठ्या खरेदीदाराने तपासून अख्खा लॉट नापास केला. अट अशी होती की परतणारी लाट पाठवलेल्या लाटेच्या दहा टक्क्यांपेक्षा मोठी नसावी. अहवालात काही फ्रिक्वेन्सींना ती तेरा टक्के दिसत होती. ओळखीतून तो अहवाल आमच्याकडे आला. मालक म्हणाले, "ताई, माझी पोरं दहा वर्षं हेच जोडतायत. हात चुकला असता तर एका नगात इथे, दुसऱ्यात तिथे चुकला असता. सगळ्यांत एकाच जागी कसा चुकेल?"

मला वाटतं निम्मा उलगडा त्यांनीच केला होता. आलेख बघितले तर प्रत्येक नगाची रेघ एकाच चालीने हेलकावत होती, कुठे तेरा टक्के तर कुठे जेमतेम तीन. असा हेलकावा दोन लाटा एकमेकींत मिसळल्या की येतो. एक आठ टक्क्यांची, एक पाच टक्क्यांची. दोघी एकत्र उचलल्या की तेरा, एकमेकींच्या विरुद्ध गेल्या की तीन. आठवाली केबलची धरली, तर पाचवाली कुणाची?

अहवालाच्या माथ्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की कॅलिब्रेशन फिमेल संचाने केलं. म्हणजे यंत्राच्या टोकाला मेल कनेक्टर होता. आणि या वर्कशॉपच्या केबलला दोन्हीकडे मेलच. मेलला मेल जोडता येत नाही, हे नळाचं काम करणाराही सांगेल. म्हणजे कॅलिब्रेशन झाल्यावर मध्ये काहीतरी लावलं गेलं होतं. बोटाच्या पेराएवढा अॅडॅप्टर. तो काट्याचा भाग होता, पण काटा शून्यावर आणल्यानंतर पारड्यात पडला, आणि त्याचं वजन केबलच्या नावावर चढलं.

खरेदीदाराच्या माणसांना हे सांगितल्यावर ते आधी नाराज झाले, पण त्यांनी तो अॅडॅप्टर आमच्याकडे पाठवला, हे मोठेपण म्हणायला हवं. आम्ही तो वेगळा मोजला आणि त्यांच्याच आकड्यांतून गणिताने बाहेर काढला. बहुतेक नग पास झाले. थोडे मात्र खरंच नापास होते, आणि ते मालकांनी मुकाट्याने परत घेतले. तीन महिन्यांचा पगार ज्याच्यावर अडला होता तो माल अशा रीतीने सुटला. त्या तीन महिन्यांत दोन कारागीर दुसरीकडे गेले होते, ते काही परत आले नाहीत.

त्यानंतर मी आमच्या प्रोग्रॅममध्ये दोन गोष्टी घालायचा हट्ट धरला. पहिली, मोजणी सुरू होण्याआधी प्रोग्रॅम वस्तूचा कनेक्टर कुठला ते विचारतो आणि कॅलिब्रेशनशी जुळत नसेल तर पुढे जात नाही. यावर बैठकीत बराच वेळ वाद झाला. गिऱ्हाइकांना एक जादा प्रश्न नको असतो. प्रत्येक नगाला चार सेकंद वाढतात, दिवसाला हजार नग असतील तर तासाभराहून जास्त. हिशोब बरोबर होता. मी म्हटलं, लॉट बदलेल तेव्हाच विचारू. दुसरी गोष्ट, दुरुस्त केलेल्या आकड्यांबरोबर मूळचे कच्चे आकडे आणि कॅलिब्रेशनही त्याच फाइलमध्ये जपून ठेवायचे. फाइल फुगते, पण उद्या कुणी शंका घेतली तर हिशोब पुन्हा मांडता येतो. त्या अहवालात कच्चे आकडे नव्हते. अॅडॅप्टर हाती लागला म्हणून निभावलं. काटा ज्याच्या ताब्यात असतो त्याच्या बाजूने आकडा सहज उभा राहतो. ज्याचा माल आहे त्याला नुसता शेवटचा आकडा दाखवला तर तो काय बोलणार? बाबांना निदान वाकून काटा बघता येत होता.

शेवटी एक छोटी गोष्ट, आणि मग जेवायला सोडते. पूर्वी हे यंत्र आयुष्यात एकदा घ्यायचं घर जितक्याला मिळे तितक्याला येई. आता नॅनो-व्हीएनए नावाचं पत्त्यांच्या कॅटाएवढं यंत्र काही हजार रुपयांत मिळतं. अचूकता अर्थात मोठ्या यंत्राची नाही, पण शेकडो मेगाहर्ट्झपर्यंत ते छान काम करतं आणि गणित तेच करतं, बारा संज्ञा सगळ्याच नसल्या तरी. त्याच्या पडद्यावर गोलात गोल असलेलं रांगोळीसारखं चित्र दिसतं. त्याला स्मिथ चार्ट म्हणतात, फिलिप स्मिथ यांनी तो १९३९ साली छापला. असं एक यंत्र मी शाळेच्या प्रयोगशाळेसाठी आणलं आहे.

नववी-दहावीच्या मुलांसाठी एक प्रयोग सांगून ठेवते. जेवणाचं स्टीलचं मोठं ताट उलटं ठेवा, मधोमध भोक पाडून कनेक्टर बसवा आणि त्यावर ७५ सेंटिमीटर तांब्याची तार सरळ उभी करा. आलेखात शंभर मेगाहर्ट्झच्या आसपास खड्डा दिसेल, म्हणजे तिथली लहर परत न येता हवेत गेली. ताट लहान-मोठं असेल तसा खड्डा थोडा सरकेल. मग तार एकेक सेंटिमीटर कापत जा आणि खड्डा कुठे पळतो ते वहीत लिहा. पण त्याआधी तिन्ही टोप्या लावून कॅलिब्रेशन करायचं, आणि एकदा ते न करताही मोजून बघायचं. दोन्ही आलेख शेजारी-शेजारी चिकटवा.

टोप्यांची डबी पेटीच्या झाकणात आहे. तिन्ही दिसायला सारख्या आहेत, म्हणून लोडला लाल दोरा बांधला आहे आणि शॉर्टला काळा. फिरवताना पक्कड लावू नका, बोटांनी घट्ट होतील तेवढ्याच करा. काम झालं की मोजून परत ठेवा. एखादी हरवली तर बाईंनी मला फोन करावा, मी दुसरी पाठवून देईन.